फिरकीचा तांब्या आणि कलकत्त्याची वाट

मी जुना आहे, हे कुणी ओरडून सांगायला नको. मित्रांनो, माझ्या पोटाला एक पोचा आहे, कडी एकदा तुटून पुन्हा डागलेली आहे आणि गळ्याशी मेणाचा काळपट थर बसलेला आहे. मी फिरकीचा तांब्या. म्हणजे प्रवासाचा तांब्या. साधा तांब्या उघड्या तोंडाचा असतो. तो माजघरातून अंगणात जातो आणि अंगणातून माजघरात येतो, एवढीच त्याची दुनिया. माझ्या तोंडाला मात्र आटे आहेत. त्यांवर झाकण फिरवून घट्ट बसवलं, की मला गाडीत आडवा टाका नाहीतर दांडीला उलटा टांगा, थेंब सांडायचा नाही. अशी माझी ख्याती होती. ती एकदाच गेली. तीही जमिनीवर नाही, आकाशात. पण ते पुढे सांगतो.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. तिथे अंगभर ठोके खाल्ल्याशिवाय कुणाला आकार येत नाही. ज्याने माझ्या फिरकीचे आटे पाडले, तो कारागीर फार चिकट माणूस होता. पाणी भरायचा, झाकण लावायचा, मला कानाशी धरून हलवायचा आणि पुन्हा झाकण काढून कानस मारायचा. शेजारचे कारागीर त्याला हसत. त्याने मात्र मनासारखं झाल्याखेरीज मला हातावेगळा केला नाही. आजवर मी टिकलो तो त्याच्या त्या हट्टामुळे.

कुरुळीच्या दौलतरावांनी मला विकत घेतलं. दौलतराव शेतकरी गडी, पण पायाला भिंगरी. बाजार, जत्रा, सोयरीक, कुठलंही निमित्त त्यांना पुरे. त्यांच्या छकड्याच्या दांडीला मी लोंबकळत असे. घरून निघताना त्यांची बायको सुभद्राबाई भाकरी फडक्यात बांधून देत आणि मला विहिरीवर भरत. सुभद्राबाईंना मैल कळत नसत. त्या वाट शिदोरीने मोजत. एक फडकं म्हणजे एका दिवसाची भाकरी. चाकण ही बिनशिदोरीची वाट, मंचर एका शिदोरीची, जेजुरी तीन शिदोऱ्यांची. यात त्यांचं कधी चुकलं नाही. कारण बैल तेच होते, रस्ता तोच होता आणि माणसाची भूकही तेवढीच होती.

वाटेत झाडाखाली गाडी सुटली, की दौलतराव माझं झाकण फिरवत. ‘कुर्र’ असा आवाज येई आणि गार पाणी घशाखाली उतरलं की ते म्हणत, "तांब्या हाय तर परवास हाय." मित्रांनो, एवढं कौतुक पुढच्या आयुष्यात माझं कुणी केलं नाही. अजून ते वाक्य मी मनात घोळवतो.

दौलतराव गेले तेव्हा त्यांची दोन्ही मुलं हाताशी आली होती. थोरला सयाजी आणि धाकटा भिमाजी. भिमाजीने शेत धरलं. सयाजीचे हात मात्र नांगरापेक्षा यंत्रात जास्त रमत. खडकीला तो फिटरचं काम शिकला आणि मग त्याला कलकत्त्याच्या विमानतळावर विमानं दुरुस्त करायची नोकरी लागली. कलकत्ता! त्या दिशेला गावातले दोघे काशीपर्यंत गेले होते आणि त्यांतला एकच परत आला होता.

"किती शिदोऱ्या बांधू रं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"बांध चार," सयाजी म्हणाला.

सुभद्राबाईंनी चार फडकी बांधली. मला इंद्रायणीवर नेऊन काठोकाठ भरलं आणि सयाजीच्या हातात दिलं. तो छकड्यात बसला तेव्हा त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "चार शिदोऱ्यांची वाट म्हंजी लई लांब. तिकडनं हाक मारली तर ऐकू यायची न्हाई."

तिथपासून माझे वाईट दिवस सुरू झाले. कलकत्त्यात नळाला पाणी होतं आणि सयाजीच्या खोलीत काचेचा पेला होता. मग फिरकीच्या तांब्याचं काम काय? मी खाटेखाली गेलो. एवढ्यावर निभावलं असतं तरी चाललं असतं. पण एके दिवशी सयाजीने कामावरून आणलेली रिबिटं, खिळे आणि वायसर माझ्या पोटात ओतले आणि झाकण लावून टाकलं. ज्या पोटात इंद्रायणी खेळली त्यात लोखंडी भंगार! मी खुळखुळा झालो. राग तर इतका आला की काही विचारू नका. पण भांड्याच्या रागाला विचारतो कोण?

सयाजी वाईट माणूस नव्हता, हेही सांगायला हवं. घरी पैसे पाठवायचा, पत्र लिहायचा. एकदा भिमाजीच्या लग्नाला जाऊनही आला. पण पुढे तीन दिवाळ्या गेल्या, चार गेल्या. पत्रात तो लिही की फार लांब आहे, रजा मिळत नाही, पुढच्या वर्षी नक्की येतो. हे लिहिताना तो अर्धवट मोठ्याने वाचत असे, म्हणून मला ते पाठ झालं. गंमत पाहा. सकाळी ज्या विमानाचे नटबोल्ट त्याने आवळलेले असत, ते दुपारी मुंबईला उतरलेलं असे. ते आवळणाऱ्याला मात्र मुंबई फार लांब वाटत होती.

भिमाजीच्या उत्तरांतून गावाकडची खबर कळे. पिंपरीच्या माळावर औषधाचा मोठा सरकारी कारखाना उभा राहिला आहे, तिथे पेनिसिलिन नावाचं औषध होतं, भिमाजीला तिथे बाटल्या भरायच्या खात्यात काम लागलं आहे, कुरुळीहून तो सायकलने जातो. माळावर दिवे लागले आहेत, लोक नवे येत आहेत. ‘दादा, तू असतास तर तुला इथंच काम मिळालं असतं,’ असं भिमाजी दर पत्रात लिही. सयाजी ते वाक्य वाचून पत्र घडी घालून ठेवी.

मग एका पौषात तार आली. ‘आई अत्यवस्थ. गंगा घेऊन ये.’

गंगा का, ते सांगतो. आपल्याकडे जाणाऱ्या माणसाच्या तोंडात गंगेचे दोन थेंब घालतात. ते लेकाच्या हातून पडले तर जीव सुखाने जातो, असं मानतात. त्यासाठी पुष्कळ घरांत काशीहून आणलेला बंद गडू देव्हाऱ्यात जपून ठेवलेला असतो. सुभद्राबाईंच्या घरीही होता. पण शेजारच्या निघोज्यातल्या एका गरीब बाईवर वेळ आली, तिच्या घरी गडू नव्हता, तेव्हा सुभद्राबाईंनी आपला उचलून देऊन टाकला. "माझा ल्योक गंगंच्या काठालाच ऱ्हातोय," असं त्या म्हणाल्या होत्या. आता त्या न्युमोनियाने अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांना गंगा हवी होती, लेकाच्या हातची.

तार वाचून सयाजी खाटेवर बसला तो बसलाच. आगगाडीने जायचं तर दोन रात्री आणि मधला दिवस. तोवर आई थांबेल का? त्याने कामावर जाऊन साहेबाला तार दाखवली. साहेबाने एवढंच विचारलं, "उद्या पहाटे मुंबईला टपालाचं विमान जातंय. पोत्यांत बसशील?"

त्या संध्याकाळी खाटेखालून मी बाहेर आलो. माझ्या पोटातली रिबिटं सयाजीने जमिनीवर ओतली. चिंच लावून मला आतून-बाहेरून घासलं. घासताना त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या अंगावर पडत होतं आणि माझा सगळा राग तिथेच धुऊन निघाला. घाटावर जाऊन त्याने मला गंगेत बुडवलं. थेंबही सांडू नये म्हणून आट्यांना मेण चोपडलं आणि फडक्यात धरून, दात-ओठ खाऊन झाकण आवळलं. फिटरचा हात तो! इतका घट्ट मला आजवर कुणी आवळला नव्हता.

मित्रांनो, इथेच चूक झाली. विमानांची यंत्रं उघडून पुन्हा जोडणारा हा माणूस, वर हवा विरळ असते हे त्याला तोंडपाठ होतं. पण घरच्या तांब्यालाही तोच नियम लागू होतो, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. आईचा जीव टांगणीला लागला असताना शिकलेलं कुणाला आठवतं?

विमान उडालं. मी सयाजीच्या मांडीवर, भोवती टपालाची पोती. आजवर मी खाचखळग्यांतून धक्के खात गेलेला. या वाटेला खड्डाच नव्हता. खाली नद्या दोऱ्यांसारख्या दिसत होत्या. आणि मग माझ्या पोटात कसंसंच होऊ लागलं. बाहेरची हवा जशी पातळ झाली, तशी माझ्या आत कोंडलेली हवा फुगली आणि वाट शोधू लागली. मी जीव खाऊन झाकण धरलं. पण मेणातून फट काढून थोडी हवा आणि थोडं पाणी बाहेर आलंच. सयाजीची मांडी भिजली.

"गंगा गळतीय!" तो ओरडला आणि दोन्ही हातांनी माझा गळा दाबून बसला. नागपूरला विमान थांबलं, कुणीतरी चहा आणि दोन बिस्किटं दिली. ती त्याने एका हाताने खाल्ली. दुसरा हात माझ्या गळ्यावरून निघाला नाही. माझी तर मान शरमेने खाली गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी सांडलो होतो.

मुंबईला विमान खाली उतरू लागलं तेव्हा उलटंच झालं. बाहेरची हवा दाट झाली आणि माझ्या आतली तर निघून गेलेली. मग त्या बाहेरच्या हवेने माझं झाकण असं दाबलं, की ते मेणासकट माझ्या तोंडात रुतून बसलं. आता एक थेंबही गळत नव्हता. सयाजीने सुटकेचा निःश्वास टाकला. बिचाऱ्याला पुढचं काय माहीत!

हजार मैलांची वाट, सूर्य माथ्यावर येईपर्यंत संपली होती. पुढचे शंभर मैल आगगाडीने संध्याकाळपर्यंत ओढले. चिंचवडच्या स्टेशनावर भिमाजी छकडा घेऊन उभा होता. तोच दौलतरावांचा छकडा. मी कित्येक वर्षांनी त्याच्या दांडीला लागलो आणि राहिलेली वाट, जेमतेम दहा मैल, सुरू झाली.

"आई?" सयाजीने एवढंच विचारलं.

"हाय," भिमाजी म्हणाला. "डाक्टर येऊन सुया टोचून जातोय. आमच्याच कारखान्याचं औषिध हाय, दादा. पर ताप उतरंना, आन ती म्हनती, मला आता सुया नगंत, गंगा पायजे."

"मग हाण की बैलं!"

"हाणतोय की. इमान हाय व्हय हे, उडवाया?"

भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणी ओलांडली. सयाजी सारखा चाकाकडे बघत होता. हजार मैल त्याला एवढे लांब वाटले नव्हते.

घरी पोचलो तेव्हा गावात जेवणं चालली होती. ओसरीवर शेजारचे रंगराव बसले होते. प्रत्येक गोष्टीचा अर्थ सांगायची त्यांना सवय होती. आत कंदिलाच्या उजेडात सुभद्राबाई पडल्या होत्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. भिमाजीची बायको रंभा त्यांचे पाय शेकत होती.

"आलास?" सुभद्राबाईंनी डोळे उघडले. "इतक्या बिगीनं? आन... गंगा आन."

सयाजीने मला मांडीवर घेतलं आणि झाकण फिरवलं. फिरेना. फडकं घेऊन फिरवलं. फिरेना. भिमाजीने मला दोन गुडघ्यांत धरलं आणि दोघा भावांनी मिळून जोर केला. मी गरागरा फिरलो, भिमाजी फिरला, झाकण मात्र जागचं हललं नाही. खरं सांगतो, मी माझ्याकडून सैल व्हायची शिकस्त केली. ज्या माउलीने मला इंद्रायणीवर भरलं, तिच्या तोंडी दोन थेंब जाऊ नयेत आणि आडवा कोण, तर मी! यापेक्षा त्या रिबिटांसकट भंगारात गेलो असतो तर बरं, असं मला वाटलं.

"पान्हा आना," भिमाजी म्हणाला.

"पान्हा न्हाई लावायचा," रंभा कडाडली. "मामंजींचा तांब्या हाय. फुटंल."

"सरा बाजूला," असं म्हणत रंगराव उपरणं कमरेला बांधून पुढे आले. त्यांनी मला छातीशी कवटाळलं, डोळे मिटले आणि असा काही हिसडा दिला, की मी त्यांच्या हातातून सुटून ठण्णकन भिंतीवर आदळलो आणि रंगराव बसकण मारून खाली आले. माझ्या पोटाचा पोचा तो त्याच वेळचा.

आणि मग अंथरुणातून खसखस ऐकू आली. सुभद्राबाई हसत होत्या. हसता हसता त्यांना ढास लागली, केवढा तरी कफ पडला, रंभाने पाठ चोळली. दम खाऊन त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. सकाळी उघडा. रंगराव दादांचं कंबरडं मोडंल."

रंगराव तसेच बसल्या जागी म्हणाले, "गंगनं सोताहून तोंड मिटलंय. म्हंजी सुभद्राबाईची येळ आली न्हाई. मी सांगतो, लिवून घ्या."

सकाळी सुभद्राबाईंच्या कपाळाला घाम फुटला होता आणि ताप उतरला होता. डॉक्टर आले, त्यांनी आणखी एक सुई टोचली आणि म्हणाले, औषध लागू पडलं. रंगराव म्हणाले, गंगेची कृपा. मी कुणाशीच वाद घातला नाही. पिंपरीच्या त्या छोट्या बाटलीने काम केलं हे मला पटतं. पण आदल्या रात्री सुभद्राबाई जायला निघाल्या होत्या आणि माझ्यामुळे खोळंबल्या, हेही मी पाहिलं होतं.

दोन दिवसांनी त्या उठून भिंतीला टेकून बसल्या. पेज पिता पिता त्यांनी सयाजीला विचारलं, "तार संध्याकाळी मिळाली म्हनतोस, आन दुसऱ्या राती घरी? किती शिदोऱ्या लागल्या रं?"

"एकबी न्हाई, आई. नागपुरात दोन बिस्किटं खाल्ली."

"दोन बिस्किटं?" सुभद्राबाईंनी पेजेची वाटी खाली ठेवली. "म्हंजी जेजुरीपरास जवळ?"

"इमानानं तसंच की."

त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. बहुतेक दिवाळ्या मोजत होत्या.

"मी समजत व्हते कलकत्ता लई लांब हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हनून मी कदी हाक मारली न्हाई. मनात म्हनायची, ऐकू यायची न्हाई. कलकत्ता लांब नव्हतं, सयाजी. लांब तू व्हतास."

सयाजीने मान खाली घातली आणि तो रडला. मोठा माणूस, पण लहान पोरासारखा रडला. सुभद्राबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यो तांब्या देव्हाऱ्यात ठेव. पान्हा लावू नगा, तापवू नगा. गंगा ल्योकाच्या हातनं पायजे. जवा जवा यील तवा सयाजीच उघडंल. तवर मी हितंच हाय."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. पिंपरीच्या माळावर दिवे वाढले आहेत. भिमाजी कामाला जाताना चहाचा थर्मास नेतो. त्याच्यापुढे मी म्हणजे जुनाट गडी. दांडीला लोंबकळायचे माझे दिवस संपले. कधी कधी छकडा अंगणातून निघतो, त्याची चाकं वाजतात आणि मला हुरहूर लागते. पण मी रिकामा नाही, हे मनाशी म्हणतो आणि गप्प बसतो.

सयाजी दर दिवाळीला येतो. उन्हाळ्यातही एकदा येतो. विमानात जागा मिळाली तर विमानाने, नाहीतर आगगाडीने, पण येतो. आला की पाय धुतो, देवापुढे हात जोडतो आणि सुभद्राबाई आतून हाक देतात, "बघ रं, निघतंय का आज?" मग तो मला मांडीवर घेतो, फडकं गुंडाळतो, दात-ओठ खातो, चेहरा लाल करतो आणि म्हणतो, "न्हाई निघत, आई."

"मग ऱ्हाऊ दे," त्या म्हणतात. "पुढच्या खेपंला बघू."

मित्रांनो, जुन्या भांड्यांना हिडीसफिडीस करू नका. आम्हाला अडगळीत टाकू नका, आमच्या पोटात खिळे भरू नका. कधी कुरुळीला आलात तर मला चिंच लावून लख्ख घासा, मला फार आवडेल. माझ्या झाकणाला मात्र हात लावू नका. मेण केव्हाच वाळून गेलं आहे आणि फिरकी कधीची सैल झाली आहे. लहान मुलानेही नुसती बोटं लावली तरी ‘कुर्र’ करून निघेल. सयाजीला ते पहिल्या दिवाळीलाच कळलं. सुभद्राबाईंना त्याच्याही आधी कळलं, कारण देव्हारा पुसताना एकदा त्यांनी ते फिरवून पाहिलं होतं आणि घाईघाईने पुन्हा बसवून ठेवलं होतं. हे आम्हा तिघांनाच ठाऊक आहे. आता तुम्हालाही कळलं. पण घरात कुणाजवळ बोलू नका.